निळ्या खडूची खूण

लायल हॅनाफर्डच्या जबड्याखालची गाठ पहिल्यांदा पाहिली ती शेजारच्या जागेवर मेंढ्या कातरणाऱ्या क्लेमने. "मेंढ्यांची गाठ लागली की रे तुला! आता पिकेल, फुटेल आणि शेडभर घाण करशील." सगळे हसले, लायलही हसला. मेंढीच्या अंगावरच्या पिकलेल्या गाठीवरून कातरी फिरली की पू अंगावर उडतो. एखाद्या कातऱ्याला मग तशीच गाठ येते. ती पिकायची वाट पाहायची, एवढेच त्याला ठाऊक होते.

गाठ पिकली नाही, दुखलीही नाही. कोकरांचा हंगाम सरला, ती मात्र थोडी वाढून तिथेच राहिली. शेवटी बायको कोरीन त्याला गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"मेंढ्यांची आहे," तो म्हणाला.

"असेलही. पण बोटांना ते कळत नाही. सुई घालून पाहावं लागेल. गुरुवारी, मोठ्या हॉस्पिटलात."

"नाहीतर काय असेल?"

त्यांनी कॅन्सरचे नाव घेतले. परक्याच्या शेतावरची बातमी ऐकावी तसे त्याने ते ऐकले. परतताना कोरीन रडली. तो रस्त्याकडेच्या कुंपणाची वाकलेली तार पाहत राहिला.

"गुरुवारी कातरणी आहे," तो म्हणाला.

"मेंढ्या कातरायला दुसरे आहेत, लायल."



मंगळवारी एका म्हाताऱ्या मेंढीच्या खांद्यापुढे त्याच्या हाताला गाठ लागली. अशा मेंढीच्या डोक्यावर निळ्या खडूने रेघ ओढायची आणि तिला वेगळ्या वाड्यात सोडायचे, ही शेडची रीत. त्या वाड्यातली मेंढी पुन्हा कळपात येत नसे. त्याने तिची लोकर नीट उतरवली, रेघ ओढली, तिला त्या वाड्यात सोडले. मग खडूने निळा झालेला हात सवयीने स्वतःच्या मानेवरच्या गाठीकडे गेला.

चहाच्या सुट्टीत क्लेम जवळ आला. "अरे, तुला कुणी खूण केली..." थट्टा अर्ध्यावरच थांबली. त्याने टॉवेल ओला केला आणि लायलची मान पुसू लागला. लायलने मान पुढे केली. पाणी थंड होते की नव्हते, त्याला कळले नाही.

"निघत नाही लेका."

"राहू दे."

"मेंढ्यांचीच असणार ती."

"आपण खूण करतो, तेव्हा आत काय आहे ते कधी पाहिलंयस?"

"कशाला? तेवढा वेळ कुणाला आहे?"

"तेच म्हणतोय." लायलने गार झालेला चहा संपवला. "गुरुवारी मी येणार नाही. मालकाला सांग."

क्लेमने टॉवेल पिळला. निळसर पाणी फळ्यांवर पडले. "सांगतो. नाहीतरी तुझ्यापेक्षा चांगलं कातरतो मी."

"स्वप्नात."

घंटा झाली. लायल उठला, कातरायच्या मेंढ्यांच्या वाड्याचे फाटक ढकलून त्याने पुढची मेंढी धरली आणि कातरायला घेण्याआधी तिच्या मानेखालून सावकाश हात फिरवला.