सही जुळेना, बुबुळ मिळेना

मी किल्ली बोलतेय! कुलपाची नव्हे हं, अक्षरांची. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या संगणकात मी राहते, आणि माझी जुळी बहीण पलीकडे नेत्रपेढीच्या संगणकात. दोघी हुबेहूब सारख्या. आमची अक्षरं तिसऱ्या कुणाला कळता कामा नयेत.

दवाखान्यातून बुबुळाची मागणी निघाली की ती मागणी आणि त्या क्षणाची वेळ एकत्र करून मी सही करते. बहीण आपलं घड्याळ बघून तशीच सही करून पाहते. जुळली तरच मागणी आत! दोन-चार मिनिटांचा फरक ती चालवून घेते, त्याहून जास्त नाही. भारी कडक बाई!

आज सकाळी नेत्रपेढीत एक बुबुळ आलं. आमच्या शिवणकामवाल्या मावशी कधीच्या त्याची वाट बघत होत्या. बारापर्यंत मागणी पोचली नाही तर ते दुसऱ्या दवाखान्याला जाणार. आणि माझी सही परत! ‘सही जुळत नाही.’ पुन्हा पाठवली, पुन्हा परत. मला वेड लागायचं बाकी होतं!

संगणक सांभाळणारी ताई घामाघूम. “किल्लीच चुकली असणार,” म्हणत तिनं नेत्रपेढीला फोन लावला आणि मला अक्षरन्‌अक्षर मोठ्यानं वाचून दाखवलं. खोलीभर माणसं ऐकतायत! मी लाजेनं चूर. एवढं करून मी निघाले बरोबरच.

तेवढ्यात मावशींची सून भिंतीकडे बघत रडवेली झाली. “ताई, बारा वाजले की हो!”

ताईनं मोबाइल पाहिला. “अजून साडेअकराच आहेत! डॉक्टर, घड्याळं कुणी पुढे केली?”

“मीच, काल संध्याकाळी,” मोठे डॉक्टर म्हणाले. “एक जण वेळेवर येईल तर शपथ! संगणकाचंही केलं. त्याला कशाला सोडायचं?”

ताईनं कपाळावर हात मारला, संगणकाची वेळ नीट केली आणि मागणी पाठवली. जुळली! अहो, जुळली! सून तर डॉक्टरांचा हात धरून हसायलाच लागली.

संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. मावशी डोळ्याला पट्टी बांधून पडल्यात.

चारचौघांत वाचली गेलेली किल्ली मात्र ठेवत नाहीत. ताईनं दोन्हीकडे नवी किल्ली बसवलीय आणि आता मला पुसायला बसलीय. बोट बटणावर अडलंय. “हिचा बिचारीचा काय दोष,” पुटपुटतेय.

अगं वेडे, तोंड काय पाडतेस? इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता! मावशी पुन्हा आपल्या हातानं सुईत दोरा ओवतील. दाब बटण!