घार छाप

पिवळेकाका हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभी हयात रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या खांबांवर चढण्यात गेली, म्हणून पडलेलं नाव. नोकरी सुटली, नाद मात्र सुटला नाही. जुने सोडियम दिवे गोळा करायचे आणि कुठला दिवा कुठे घडला याची पाळंमुळं खणून काढायची. बायको म्हणायची, "लोकांचे नवरे घरी बसून आराम करतात, आमचे अजून दिवेच लावतायत!"

त्यातल्या एका दिव्यापायी काकांचा जीव टांगणीला लागला होता. घार छाप. तोच दिवा बाजारात तीन वेगवेगळ्या नावांनी विकला गेला होता. बूड बघितलं की काका ओळखायचे, धातूच्या सांध्याला डाख लावणारा हात एकच. पण तो कारखाना होता कुठे, हे कुणी म्हणता कुणी सांगेना. बंद पडला, जमीनदोस्त झाला, एवढंच.

रविवारी दुपारी लेक आली. तिला दिवस गेले होते, पोट चांगलं दिसू लागलं होतं. शहराच्या टोकाला, नव्या वसाहतीत तिनं आणि जावयानं नुकतंच घर बांधलं होतं. चहा होईपर्यंत तिनं पिशवीतून मातीनं माखलेला दिवा काढला.

"घ्या बाबा. परसात वाफे खणताना निघाला. लोकांच्या लेकी बापाला मिठाई आणतात!"

छाप पार पुसली होती. पण काका कसले सोडतात! काचेवर त्यांनी तोंडाची वाफ सोडली. पुसलेली छपाई वाफेत क्षणभर दिसते, ही त्यांची जुनी युक्ती. घार उमटली. तिच्या पंखाखाली एक शब्द होता: नापास.

काका ताडकन उठले. "अगं, नापास दिवा कारखान्याच्या फाटकाबाहेर जातच नाही! तिथंच फोडतात, तिथंच पुरतात. म्हणजे कारखाना तुमच्याच घराखाली!"

"काखेत कळसा!" चहा घेऊन आलेली बायको हसली.

काकांच्या पोटात आनंद मावेना. "आणखी काय काय निघतं गं?"

"फावडं माराल तिथं काच. खडूसारख्या नळ्या. आणि बाबा, ते चांदीचे मणी! धरायला गेलं की पळतात, जवळ आले की एक होतात. यांनी केवढे गोळा केलेत!"

काकांनी हातातला दिवा खाली ठेवला. सोडियमबरोबर त्या दिव्याच्या पोटात पारा भरतात आणि त्याची न दिसणारी वाफ श्वासावाटे माणसाच्या मज्जातंतूंत भिनते, हे त्यांच्याशिवाय घरात कुणाला ठाऊक असणार? आणि आपण कारखाना सापडला म्हणून नाचत होतो! त्यांना स्वतःची शिसारी आली.

"कुठे ठेवलेत ते?"

"उशाशी, काचेच्या वाडग्यात. ऊन पडलं की काय चकाकतात! मी रोज तळहातावर खेळवते. बाळाचीही नजर ठरेल त्यावर, नाही?"

"वाडग्यावर झाकण आहे?"

"झाकण कशाला? दिसायला नकोत?"

"त्या घरात आता पाऊल टाकायचं नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "आजपासून इथेच राहायचं. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"असं काय करता बाबा? घाबरवू नका हं!" तिनं कप उचलला. बशीत चहा सांडला. कप तिच्या बोटांत खडखडत होता.

"पोरी, हात का थरथरतोय तुझा?"

"हे होय? बरेच दिवस झाले. या दिवसांत अशक्तपणा येतोच म्हणे. हो ना गं आई?"

"येतोच की," बायको म्हणाली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिनं लेकीच्या हातातला कप काढून घेतला.