ऐकणाऱ्याची सही

“सही ऐकणाऱ्याचीच हवी. ज्याच्या कानावर वाचन पडलं, त्याचीच. दुसऱ्या कुणाची चालायची नाही.”

मोठ्या बाई, शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, जाऊन चार वर्षं झाली, तरी दर सोमवारी पिशव्या वाटताना त्यांचा आवाज पिशवीबाईंच्या कानात उमटायचा आणि तेच शब्द पहिली-दुसरीच्या पोरांपुढे जसेच्या तसे बाहेर पडायचे. घरच्या वाचनाचं हे काम मोठ्या बाईंनीच सुरू केलं होतं. कापडी पिशवीत एक पुस्तक, एक कार्ड. पोरानं घरी मोठ्यानं वाचायचं, ऐकणाऱ्यानं त्या दिवसाच्या चौकोनात सही करायची. ओळीनं तीन चौकोन कोरे राहिले की पिशवी बंद आणि पुस्तक पुढच्याला, कारण पुस्तकं चाळीस आणि पोरं साठाच्या वर. अकरा वर्षांत पिशवीबाईंनी हा नेम कधी मोडला नव्हता. हे नाव पोरांनी पाडलेलं, ते त्यांनी आनंदानं अंगाला लावून घेतलं.

महिन्यापूर्वी बिट्टीचे तीन चौकोन कोरे आले. दुसरीतली बुटकी, हट्टी पोर.

“घरी कुणी ऐकलं नाही का गं?”

“ऐकलं. मामानं.”

“मग मामाची सही कुठाय?”

बिट्टी खाली बघत राहिली. असली गप्प मान बाईंनी पुष्कळ पाहिली होती. त्यांनी पुस्तक काढून घेतलं, कोरं कार्ड तिच्या हातात ठेवलं आणि यादीत पुढचं नाव वाचलं.

आज शुक्रवारी शाळा सुटल्यावर बिट्टीची मामी दारात उभी राहिली. हातात तेच कार्ड होतं, कोपरे दुमडलेलं.

“बाई, ते बदकाचं पुस्तक एका दिवसापुरतं मिळेल का? तराफ्यावर बसून जातं, ते बदक.”

“का हो? बिट्टी आठवडाभर दिसली नाही.”

“हे गेले ना, गेल्या शुक्रवारी.” मामी बाकावर टेकली. “दोन महिने खाटेवरच होते. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. शिंपी माणूस, सुई धरायचा हात, त्याला चमचा धरवेना. ही पोर रोज शाळेतून आली की खाटेशी बसून वाचायची. तेवढ्यापुरते डोळे जागे व्हायचे त्यांचे.”

कपाट लावायचं सोडून बाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

“मी म्हटलं, आण ते कार्ड, मी मारते सही. तर कमरेवर हात ठेवून मला विचारते, ‘मामी, तू कुठं ऐकलंस? तू तर भांडी घासत होतीस!’” मामीला हसू आलं आणि मधेच विरलं. “तुमचीच शिकवण. अंगठा चालला असता का हो बाई?”

“चालला असता,” बाई कशाबशा म्हणाल्या.

“मग सांगायचंत ना.”

त्या दिवशी बाईंनी तीन चौकोन बघितले, पोरीकडे बघितलं नाही. विचारायला किती वेळ लागला असता?

“पिशवी बंद झाल्यावर पाठ झालेली नऊ पानंच म्हणून दाखवायची,” मामी सांगत होती. “नवव्या पानावर तराफ्याचा दोर सुटतो. हे डावा तळहात असा पालथा-उताणा करायचे. पुढं काय? आता हिला माहीत असेल तर ना! मी म्हटलं, लाव काहीतरी मनाचं. तर म्हणे, खोटं नाही वाचायचं.” तिनं डोळ्यांना पदर लावला. “खाट भाड्याची आहे. उद्या सकाळी न्यायला येतील. ती जायच्या आत उरलेलं वाचायचं म्हणून अडून बसलीय. खाटेवर चादरसुद्धा बदलू देत नाही.”

बाईंनी वही उघडली. बदकाच्या पुस्तकाची एकच प्रत होती. ती ज्या पोराकडे होती, ते गालफुगीनं घरी होतं. घर पुलापलीकडे, बस आगाराच्या मागं.

“दिवेलागणीच्या आत पुस्तक घेऊन येते. तिला सांगा.”

“कबूल करून बसू नका हो. न जमलं तर पोर उंबऱ्यातून हलायची नाही.”

“येते म्हटलं ना.”

मामी गेली. खिडक्या लावून घेताना बाई एकदा थांबल्या, मोठ्या बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. काही ऐकू आलं नाही. त्यांनी खुंटीवरची एक पिशवी घेतली, कार्डाचे कोपरे बोटानं सरळ करून ते आत ठेवलं. तीन चौकोन कोरेच होते. पेनही त्यांनी पिशवीत टाकलं, पण लिहिलं काहीच नाही. आधी ऐकायचं होतं.

दाराला कुलूप लावून त्या पुलाच्या दिशेनं चालू लागल्या.