गार बाटली

जन्म गेला माझा कोल्ड स्टोरेजमध्ये. मासळी असो, लोणी असो, माल गार ठेवला की टिकतो, एवढं एकच शहाणपण मला येतं. म्हणून तपासणीसाठी वीर्याची बाटली न्यायची तर मी ती बर्फाच्या डब्यातून नेली. लॅबवाल्या बाईंनी कपाळावर हात मारला.

“अहो, ही फेकावी लागणार. पुढच्या वेळी अंगाशी धरून, उबेत आणा. तासाभराच्या आत.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको माहेरी होती, तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “ती काय कोळंबी आहे?” आणि हसत सुटली. किती महिन्यांनी हसली!

गेल्या वर्षी मला गालगुंड झालं. या वयात पोराटोरांचा आजार, म्हणून सगळे हसले, मीही हसलो. मग सूज गालांवरून खाली वृषणांत आली, दोन्हीकडे, तेव्हा हसू पळालं. डॉक्टर म्हणाले, “या विषाणूनं कधीकधी शुक्राणू कमी होतात. भरून येतं, नाहीतर नाही येत. थोडं थांबून तपासू.” थांबलो. थांबता थांबता घरातलं बोलणंच आटलं. “आईकडे जाऊन येते,” म्हणून ती गेली ती तिकडेच. “रिपोर्ट आला की कळवा,” एवढं मात्र म्हणाली.

दुसऱ्या खेपेला बाटली बनियनच्या आत पोटाशी धरली आणि बसमध्ये तिच्यावर हात ठेवून बसलो. शेजारच्या आजींनी विचारलं, “पोटात दुखतंय का रे?”

“नाही आजी, जपून न्यायचंय काहीतरी.”

त्या बिचाऱ्या सरकून बसल्या. खोटं कशाला बोलू, उतरेपर्यंत मला फार बरं वाटत होतं. आपल्या पोटाशी काहीतरी जिवंत आहे असं वाटत होतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. “एकही शुक्राणू दिसत नाही. पुन्हा एकदा बघू, पण फार आशा धरू नका.”

घरी येऊन दिवा न लावता बसलो. फोन वाजला. तीच होती.

“काय आलं?”

रिपोर्टची घडी घालून खिशात टाकली. म्हणालो, “अगं, पुन्हा गार झाली बाटली.”

“धन्य आहे तुमची!” ती खळखळून हसली. “आता मीच येते उद्या. तुमच्या भरवशावर राहिलं तर झालंच मग आपलं!”

“ये,” म्हणालो आणि फोन ठेवून ढसाढसा रडलो.