बुक्क्यानंतरची बाजू

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला वापरलं नसेल. दोन जाळीदार गाल, डोक्यावर हँडल आणि छातीवर बटणांची रांग, असा मी जुना टेपरेकॉर्डर. त्या रांगेतलं एक बटण लाल आहे. माझं सगळं दुःख त्या बटणाखाली आहे.

दिलीपराव बोटीवरचे इंजिनिअर. सिंगापूरच्या एका दुकानातून घासाघीस करून त्यांनी मला आणलं. बंदरोबंदरीचे आवाज टिपायचा त्यांना भारी नाद. बोटींचे भोंगे, नांगराच्या साखळ्या, हमालांची हुज्जत, सगळं त्यांनी माझ्याकडून टिपून घेतलं. घरी आलो की मात्र मी त्यांच्या पत्नी अरुणाताईंचा. सिंगापुरातल्या बुकित तिमाह भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळी देवापुढे उदबत्ती लागली की त्या माझ्यावर कीर्तन लावत आणि देवाबरोबर माझ्यावरही एक फूल ठेवत. यंत्राला एवढा मान कुठे मिळतो?

अरुणाताईंचे वडील पांडुरंगबुवा कीर्तनकार होते. बुवांचा मुलगा, ताईंचा धाकटा भाऊ विश्वास, लहानपणापासून त्यांच्या मागे पेटीवर बसायचा. एकदा त्याचा सूर चुकला आणि बुवा भरल्या कीर्तनात म्हणाले, "याच्यापेक्षा देवळाबाहेरचं कुत्रं सुरात रडतं." मंडळी हसली. विश्वासने पेटी मिटली. थोड्याच दिवसांत तो नोकरी धरून मस्कतला गेला आणि बापाशी बोलणं टाकलं.

चौऱ्याण्णव साली बुवा लेकीकडे सिंगापूरला आले आणि कॉन्डोच्या, म्हणजे आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचं कीर्तन ठरलं. तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. कीर्तनाचा पहिला भाग पूर्वरंग, म्हणजे उपदेश. मग सगळ्यांना बुक्का लावतात, बुवांना हार घालतात, नामाचा गजर होतो. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे कथा. दिलीपरावांची रीत अशी, की कपाळी बुक्का लागला की पाय मोकळे करायला बाहेर, ते थेट प्रसादाला परत. बुवा त्यांना हसून म्हणायचे, "जावईबापू, तुम्ही नुसती कोशिंबीर खाऊन ताटावरून उठता." दिलीपरावही हसायचे. त्या दिवशीही उठले.

त्या दिवशी कथा पुत्रवियोगाची होती. मध्येच बुवा थांबले. झांजा खाली ठेवल्याचा आवाज मी टिपला. मग ते म्हणाले, "माझ्या मागे एक मुलगा पेटीवर बसायचा. भरल्या कीर्तनात बोललो होतो, भरल्या कीर्तनातच परत घेतो. विश्वास, सूर माझा चुकला होता."

या वेळी कुणी हसलं नाही. गजर संपताच ताईंनी कॅसेट उलटून लावली होती आणि लाल बटण दाबलेलं होतं. शब्द जसेच्या तसे फितीवर उतरले.

पुढच्या वर्षी बुवा गेले. विश्वास आला नाही. अरुणाताईंनी फोनवर त्याला सारं सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, तू लहानपणापासून सगळ्यांच्या वतीनं माफी मागत आलीस. त्यांच्या तोंडून ऐकेन तेव्हा खरं मानेन."

कॅसेट पोस्टाने पाठवायला ताईंचा जीव धजेना. नक्कल काढायला दुकानात दिली आणि फीत गुंतली तर? कॅसेटच्या पाठीवरचे दोन बारीक तुकडे मोडले, की तिच्यावरचं पुसून नवं काही भरता येत नाही. पण बाबांच्या कीर्तनाचं काही मोडायचं, हेच त्यांना अशुभ वाटलं. शेवटी दिलीपरावांनी मस्कतची सहल आखली. त्यांच्यासाठी आणि लेक अवनीसाठी ती सहल होती. ताई मात्र बाबांचा निरोप पोचवायला निघाल्या होत्या.

मस्कत सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? निळ्या पाण्याकाठी पांढरी घरं, मागे बोडके डोंगर, आणि बंदराच्या तोंडाशी पहाऱ्याला बसल्यासारखे दोन किल्ले. तिथल्या मत्राह नावाच्या जुन्या बाजारात लोबानाचा धूर दाटला होता. मायलेकी चांदीच्या बांगड्या बघायला एका दुकानात शिरल्या. दिलीपरावांच्या कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या. पिशवीत बुवांची तेवढी होती. त्यांनी ती माझ्यात घालून पुढे पळवली आणि पहिल्या बाजूचा शेवट ऐकला. हार, गजर, जयजयकार. माफी कीर्तनात आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांच्या लेखी कीर्तन तिथेच संपत होतं. "मागची बाजू कोरीच दिसते," असं पुटपुटत त्यांनी कॅसेट उलटली आणि लाल बटण दाबलं.

आम्हा यंत्रांना 'नको' म्हणायचं बटण कुणी बसवत नाही, मित्रांनो.

संध्याकाळी आम्ही विश्वासच्या घरी गेलो. त्याने जुनी पेटी पुसून पुढ्यात ठेवली होती. पूर्वरंग सुरू झाला आणि नकळत त्याची बोटं बापाचा सूर धरू लागली. गजर संपला. अरुणाताईंनी डोळे पुसले, "आता ऐक," म्हणाल्या आणि बाजू उलटली.

"हा मस्कतचा बाजार," दिलीपरावांचा आवाज आला. "हा म्हातारा लोबान तोलतोय. काय वास आहे! टेपवर घेता येत नाही, नाहीतर..."

ताईंनी बटण दाबून मला थांबवलं. मग दिलीपराव म्हणाले, "अगं, पण हार घातला होता ना? मला वाटलं, संपलं." अवनी आईला बिलगून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, एक बाजू आहे ना, इट्स ओके लाह." विश्वासने पेटीचा भाता मिटला. "राहू दे, ताई," तो म्हणाला. "मला माहीत होतं, तसं काही नसणार." त्याने सगळ्यांना आग्रह करकरून जेवू घातलं, परक्यांना घालतात तसं. पुढे त्याचा फोन आला नाही.

आता मी सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये स्टोअररूममध्ये पडून असतो. फूल केव्हाच बंद झालं. कधीतरी अरुणाताई येऊन तो सगळा बाजार शेवटपर्यंत ऐकतात, कारण दिलीपरावांनी बटण थोडं आधी सोडलं होतं. तिथे फितीच्या टोकाला बुवांचा आवाज अजून आहे. ते म्हणतात, "मंडळी, प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका."

म्हणून सांगतो, मित्रांनो, लाल बटण दाबण्याआधी फीत शेवटपर्यंत ऐका. आणि माफी मागायची असेल, तर उठा आणि त्या माणसाच्या दारात जाऊन मागा. ती माझ्यासारख्याच्या पोटात ठेवू नका.

मी ती ऐकली होती. पण मला विचारतं कोण?