कियोनोबुंचा थांबलेला डाव

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे, हातात धरून खेळायचा. रंगाने राखाडी, अंगाने विटेसारखा. माझ्या पोटात चार बॅटऱ्या मावतात. माझ्या हिरवट पडद्याला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे मला घेऊन खिडकीशी बसावं लागतं. माझ्या पाठची भावंडं सडपातळ झाली, रंगीत झाली, त्यांच्या पडद्यात दिवा आला, कुणी तर जेवणाच्या डब्यासारखं मिटू लागलं. मला त्यांचा हेवा वाटला नाही असं कसं म्हणू?

माझं घर जपानातल्या चोशीच्या बंदरावर. कियोनोबु तिथल्या सोयासॉसच्या कारखान्यात कामाला होते. त्यांनी मला मुलासाठी आणलं. मुलगा मोठा होऊन तोक्योला गेला आणि मी नवराबायकोच्या हाती आलो. वरून पडणारे ठोकळे रचून ओळी भरायच्या आणि नाहीशा करायच्या, एवढाच त्यांचा आवडता खेळ. जेवण झालं की दोघं आळीपाळीने खेळत. तोमीएबाईंचा हात विलक्षण चपळ. “अहो, ठोकळे रचताय की लोणचं घालताय?” असं म्हणून त्या नवऱ्याला डिवचत. बंद केलं की मी सगळे आकडे विसरतो, पण बाईंचा सर्वांत मोठा आकडा कियोनोबुंना तोंडपाठ होता, कारण तो त्यांना रोज ऐकवला जाई.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ते मला विजेची तार लावून खेळत होते. डाव रंगला होता, तेवढ्यात त्यांना तपासणीसाठी दवाखान्यात न्यायला गाडी आली. त्यांनी डाव थांबवायचं बटण दाबलं आणि ते बायकोला म्हणाले,

“बंद करू नकोस हं. आज तुझा आकडा मोडतोच. आलोच मी.”

ते परत आले नाहीत.

तेव्हापासून मी सुरूच होतो. डाव थांबवला की माझा पडदा ठोकळे झाकून टाकतो, त्यामुळे आत काय उरलंय ते तोमीएबाईंनी कधी पाहिलं नाही. त्या रोज माझी धूळ पुसत. बोनच्या सणाला पितर घरी येतात, तेव्हा देव्हाऱ्यापुढे त्यांना लवकर यायला काकडीचा घोडा आणि सावकाश परतायला वांग्याची गाय मांडून त्या मला शेजारी ठेवत. “घ्या, तुमची पाळी,” म्हणत.

यंदा सणाच्या शेवटच्या दिवशी वादळ आलं. संध्याकाळपर्यंत वीज जाईल, अशी गावच्या कर्ण्यावरून सूचना झाली. नात चिहारु सुट्टीला आली होती.

“आजी, तार काढून बॅटऱ्यांवर चालवू या.”

“तार काढली की बंद पडतो गं. घडणच तशी आहे मेल्याची.”

“माझ्या गेममध्ये सगळं आपोआप साठतं.”

“तुझा शहाणा आहे. हा आमच्यासारखा. जागा आहे तोवरच आठवण.”

चिहारु म्हणाली, “मग आजोबांचा डाव तूच पुरा कर ना.”

“पाळी त्यांची आहे.”

“ते आलेत ना सणाला? शेजारीच असतील. हात तेवढा तुझा दे.”

तोमीएबाई मला तारेसकट घेऊन खिडकीशी बसल्या आणि त्यांनी बटण दाबलं. भिंत उंच रचलेली होती. उजव्या कडेला एकच अरुंद फट सोडली होती, आणि वरून नेमकी लांब कांडी उतरत होती.

“बघ! कांडीच्या आशेने फट ठेवून बसले होते. हावरट कुठले!” त्या हसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. अंगठ्याने त्यांनी कांडी उभी केली आणि फटीत सोडली. चार ओळी एकदम नाहीशा झाल्या. आकडा बाईंच्या आकड्यापुढे गेला.

“जिंकलात हो,” त्या देव्हाऱ्याकडे बघून म्हणाल्या. “आता गाईवर बसून सावकाश जा. वारं फार आहे.”

वीज अजून गेली नव्हती. त्यांनी आपल्याच हाताने माझी कळ सरकवून मला बंद केलं.

मित्रांनो, आता मी देव्हाऱ्याखालच्या खणात मऊ फडक्यात असतो. चिहारुने माझ्या पोटातल्या जुन्या बॅटऱ्या आठवणीने काढल्या. राहिल्या असत्या तर पाझरून त्यांनी मला आतून खाल्लं असतं. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी पडून असेल, तर त्याच्यासाठी एवढं नक्की करा, आणि कधीतरी त्याला खिडकीशी घेऊन बसा.

खण लावताना तोमीएबाई देव्हाऱ्याकडे वळून म्हणाल्या, “आता दोघांचीही पाटी कोरी. पुढच्या बोनला पहिला डाव माझा, सांगून ठेवते.”