नळावरचा नंबर

भिलाईतल्या खुर्सीपारच्या एका मराठी शाळेत सातवीच्या मुलांना नाटकाला न्यायचं ठरलं, आणि पालकांची सभा बोलवावी लागली. बासष्ट सालची गोष्ट. पोलाद कारखान्याचं बांधकाम अजून चालूच होतं. नाटक महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहावरचं. नागपूरची मंडळी ते भिलाई-3 ला रेल्वेच्या हॉलमध्ये करणार होती.

सभेत मारोतराव उठले. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले, आता कारखान्यात फिटर. माणूस भांडखोर नव्हता, पण त्यांना हे पटेना.

"बाई, जुनं कावून उकरून राहिले तुमी? गावाकडचं ते गावाकडंच राहिलं. इथं आमी सारे एका कँटीनमधी, एका बाकावर जेवतो. पोट्ट्यायच्या डोक्यात नाही ते कायले भरवता?"

वर्गशिक्षिका विजयाबाई म्हणाल्या, "जे संपलं ते पाहायला भीती कसली? तुम्हीच चला मुलांसोबत. वावगं वाटलं तर सांगा, मी सगळ्यांना घेऊन बाहेर येईन."

आता मारोतरावांना नाही म्हणता येईना. शनिवारी पहिली पाळी करून ते मुलांबरोबर बसमध्ये बसले.

नाटक साधं होतं. निळी चादर पसरून तळं केलेलं. सरकारी ठरावानं ते तळं सगळ्यांना खुलं झालेलं, तरी अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या लोकांना त्याचं पाणी घेता येत नव्हतं. एके दिवशी ही माणसं चालत येतात आणि ओंजळीनं पाणी पितात. मग त्यांच्यावर लाठ्या पडतात. तळं बाटलं म्हणून गावकरी त्यात शेण आणि गोमूत्राच्या घागरी ओततात, मंत्र म्हणतात, पाणी शुद्ध झाल्याचं जाहीर करतात.

इथं मुलं हसली. शेण घालून पाणी शुद्ध होतं, हे त्यांना भारी गमतीचं वाटलं. मारोतरावांची नलू तर पोट धरून हसत होती. तिच्या शेजारी तिची मैत्रीण दुर्गा बसली होती. ती हसली नाही. मागच्या रांगेतून मारोतरावांनी ते पाहिलं.

परत येताना बसमध्ये नलूनं विचारलं, "तू हँसी क्यों नहीं? सगळे हसून राहिले होते."

"हमारे यहाँ तो रोज होता है," दुर्गा म्हणाली. "माही आई पानी भरून गेली का तुही आई राखेनं नळ घासते. मंग तुमचा पान्याचा पितळी गुंड लावते."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. रोजची गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं. नलूनं मागे वळून पाहिलं.

"बाबा, आई तेच करते का?"

पाळीवर जाताना मारोतरावांना गल्लीतला तो सार्वजनिक नळ रोज वाटेत लागायचा. राखेनं घासताना बायकोला, सिंधुताईंना, त्यांनी अनेकदा पाहिलं होतं, पण त्यात काही वावगं आहे असं कधी मनातच आलं नव्हतं.

घरी त्यांनी बायकोजवळ विषय काढला.

सिंधुताई म्हणाल्या, "मी एकटीच करतो का? मी सोडलं, तर चार बाया माह्या हातचं पानी पेनार नाहीत. मंग नलूच्या लग्नाले कोन येईन?"

"सभेत मी सांगून आलो, इथं असं काही नाही मनून. पोरीसमोर खोटा पडलो मी."



रविवारी सकाळी मारोतराव स्वतः नळावर गेले. बायकांची रांग लागली होती; सिंधुताई आणि नलूही तिथं होत्या. दुर्गाची आई रुक्मा आपले गुंड घेऊन बाजूला उभी होती, सगळ्यांचं होईपर्यंत.

"रुक्माबाई, आज तुमी पयले भरा," मारोतराव म्हणाले.

रुक्मा जागची हलली नाही.

"पयले कावून, भाऊजी?"

"रोज शेवटी भरता मनून."

"आज तुमाले सुट्टी आहे मनून मी पयली. उद्या तुमी ड्यूटीवर गेले का पुन्हा शेवटची. आमाले मेहेरबानी नको. मी सिंधुताईच्या आधी आली, तर तिच्या आधी माहा नंबर. आन माह्या मागून नळ धुवाचा नाही. तुमी कारखान्यात राबता, माहा मानूसही राबते. नळ दोघायचा आहे."

मारोतरावांनी मान खाली घातली. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले.

रुक्मा रांगेत शिरली. तिचा नंबर आला, तिनं पाणी भरलं आणि ती बाजूला झाली. पुढचा नंबर सिंधुताईंचा. त्यांच्या मुठीत राख होती. साऱ्या बायका पाहत होत्या; नलूही पाहत होती. सिंधुताई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी मूठ उघडून राख नालीत टाकली आणि गुंड नळाखाली लावला.

ठकूबाई नावाची शेजारीण आपली घागर उचलून निघून गेली. बाकीच्या मात्र उभ्या राहिल्या. ठकूबाईनं काही दिवस लांबच्या नळावर हेलपाटे घातले. शेवटी तीही परत आली आणि नंबरानं उभी राहू लागली.

सोमवारी मारोतराव शाळेत जाऊन विजयाबाईंना भेटले. "बाई, पुढच्या खेपेले पोट्ट्यायसंग त्यायच्या मायबापालेही न्या," एवढंच म्हणाले.

वाचकहो, अन्याय संपला असं आपण सभेत सहज बोलून जातो. तो खरंच संपला का, हे ज्याला तो सोसावा लागतो त्याला विचारावं. आणि चूक उमगली की कुणाला उपकार म्हणून पुढं करू नये. त्याची जी जागा आहे, ती मोकळी करून द्यावी. एवढं आपल्या गल्लीतल्या नळावर साधलं, तरी तळ्याकाठी लाठ्या खाणाऱ्यांचं आपण काही देणं लागतो, हे आपल्याला कळलं असं म्हणता येईल.